धोंड्याच्या महिन्यातलं शटर

अकोल्याला माझ्या सासऱ्यांनी आपल्या भांड्यांच्या दुकानाला लोखंडी शटर बसवलं आणि मला ते तीन महिन्यांनी कळलं. तेही सासूबाईंच्या पोस्टकार्डावरून, कडेच्या रिकाम्या जागेत तिरप्या अक्षरात लिहिलेलं. मला फार राग आला. सासरी नवं कपाट आलं किंवा गाय व्याली, तर जावयाला कळवायचं कारण नाही. पण मी अमरावतीला एका वर्कशॉपमध्ये शटरं बसवण्याचंच काम करत होतो. सकाळी खाकी चढवायची, शिडी खांद्यावर घ्यायची, कुणाचं नवं शटर उभं करायचं नाहीतर कुणाचं अडलेलं सोडवायचं, हा माझा दिवस. आमच्या वऱ्हाडात तेव्हा शटरची नवलाई होती. दुकानं फळ्यांची असत. सकाळी एकेक फळी काढून भिंतीला टेकवायची, रात्री नंबरवार परत लावायची, आणि सात नंबरच्या जागी नऊ नंबर लागला की सगळ्या पुन्हा काढायच्या. या कटकटीला कंटाळलेला माणूस आमच्याकडे यायचा. माझे सासरे मात्र शटर आणायला नागपूरला गेले.

ते नागपूरला का गेले हे मला ठाऊक होतं, म्हणून राग गिळावा लागला. आमचं लग्न जमवणाऱ्या गृहस्थांनी मुलीकडे सांगितलं होतं की मुलगा अमरावतीला मशिनरीच्या लाइनीत आहे. ते काही खोटं नव्हतं. पण बडनेऱ्याला गाडी बदलून ते वाक्य अकोल्याला उतरेपर्यंत मुलगा इंजिनिअर झाला होता. सासऱ्यांना लग्नानंतर खरं कळलं. एकदा ते अमरावतीला आले असताना त्यांनी मला भर बाजारात शिडीवर, तोंडात बोल्ट धरलेला, असा पाहिला आणि घाईघाईने रस्ता ओलांडून गेले. तोपर्यंत अकोल्यात त्यांच्या दुकानांच्या सगळ्या ओळीत ‘आमचे जवाई इंजिनिअर’ होऊन गेलं होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आमच्या वर्कशॉपमधून शटर मागवलं असतं, तर ते बसवायला मीच शिडी घेऊन गेलो असतो आणि मूठ उघडली असती.

मीही त्यांना कधी दुरुस्त केलं नाही. अकोल्याला गेलो की शेजारीपाजारी मला धरणाची, पुलांची माहिती विचारत आणि मी मान डोलवून पाण्याचा पेला तोंडाला लावत असे. वडीलधाऱ्या माणसाला चारचौघांत खोटं कसं पाडायचं, असं मी स्वतःला सांगायचो.

मग त्या वर्षी अधिक महिना आला, तो नेमका जेठात. आमच्याकडचा जेठ म्हणजे काय हे ज्याने भोगलं त्यालाच माहीत. दुपारी बाराला घराबाहेर पडणाऱ्याला लोक ‘काही झालं काय’ असं विचारतात. त्यातून हा धोंड्याचा महिना. तीन वर्षांतून एकदा येतो आणि त्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला बोलवायचं, पाटावर बसवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, आणि तांब्याच्या ताटात तेहतीस अनारसे मांडून, वर दिवा लावून ते ताट त्याच्या हाती द्यायचं. आता ही ताटं आणि हे दिवे येतात कुठून, तर भांड्यांच्या दुकानातून. अधिकात लग्नं नसतात, इतर धंदे झोपलेले असतात, पण माझ्या सासऱ्यांकडे सबंध अकोल्याचे सासरे रांगेत उभे असत. आम्हाला बोलावणं आलं. बायकोने ट्रंक भरली. ती नेहमीपेक्षा जड का लागते असं मी स्टेशनवर विचारलं, तर ती म्हणाली की माहेरी जाताना ट्रंक जडच असते.

सकाळच्या पॅसेंजरने अकोल्याला उतरलो. दुकानामागेच घर, त्यामुळे टांगा दुकानासमोरच थांबला. मी उतरलो आणि पाय जमिनीला लागायच्या आधी डोळे शटरला लागले. कुणी काही म्हणो, तो धंद्याचा रोग आहे. न्हावी माणसाकडे पाहताना आधी डोकं बघतो, तसा मी.

शटर कमरेच्या थोडं वर आलं होतं आणि खाली मुसळ लावून ते तोलून धरलं होतं. घरातलं, धान्य कांडायचं मुसळ. गिऱ्हाईक त्या मुसळाच्या बाजूने वाकून आत जात होतं आणि परातीसकट वाकून बाहेर येत होतं. शटरची खालची पट्टी डावीकडे चांगली चार बोटं झुकलेली. बाजूच्या खोबणीत शटर वाकडं शिरून लोखंडाला लोखंड घासल्याचे चकचकीत चरे पडलेले. एक बाई तान्ह्या पोराला कडेवर घेऊन त्या मुसळाला पाठ टेकवून समईचा भाव करत होती.

शटरचं गुपित फार साधं आहे. वरच्या पेटीत एक आडवा पाइप असतो. त्या पाइपावर दोन डबे, आणि प्रत्येक डब्यात घड्याळातल्या कमानीसारखी गुंडाळलेली पोलादी पट्टी. ती स्प्रिंग. शटरचं सगळं वजन ती पेलते. माणूस नुसता हात लावतो आणि आपणच उचललं असं समजतो. चांगलं शटर कमरेपर्यंत आणून सोडलं की तिथेच थांबतं, वर जात नाही की खाली येत नाही. सोडल्यावर जे धाडकन खाली येतं, त्याच्या आत काहीतरी गेलेलं असतं. आणि जे एका बाजूने झुकतं, त्याच्या त्याच बाजूची स्प्रिंग गेलेली असते. हे मला बघताक्षणी दिसत होतं. पण मी नारायण होतो. मला ओवाळून आत नेलं.

दुपारपर्यंत मी दुकानातल्या जुन्या माणसाकडून सगळा इतिहास काढून घेतला. हा सासऱ्यांकडे वीसेक वर्षं होता आणि पितळेची परात बोटाने वाजवून वजन सांगायचा. त्याने सांगितलं की शटर नवं होतं तेव्हा लोणी होतं, एका बोटाने वर जायचं. मालक गिऱ्हाइकांना दाखवायला दिवसातून चारदा वरखाली करायचे. मग चैतापासून ते जड होऊ लागलं. जड होतं म्हणून मालकांनी तेल घालायला सुरुवात केली. कोणतं तेल, असं मी विचारलं. त्याने मोठ्या अभिमानाने सांगितलं की घाण्याचं, ताजं, जवसाचं.

मी कपाळाला हात लावला. आमच्या वऱ्हाडात जवसाचं तेल भाजीत चालतं, दिव्यात चालतं, पण त्याची एक खोड आहे. ते वाळतं. सुतार लोक ते लाकडाला लावतात ते त्यासाठीच. उन्हात आठ दिवस ठेवलं की त्याचा चिकट थर होतो आणि महिन्याभरात लाखेसारखं घट्ट बसतं. सासऱ्यांनी दर शनिवारी आधी मारुतीला आणि मग शटरला तेल घालण्याचा नेम केला होता. मारुती देव आहे, त्याने सहन केलं. शटर मात्र दर शनिवारी जास्त अडायचं, आणि जास्त अडायचं म्हणून पुढच्या शनिवारी जास्त तेल. खोबणीत बोट घातलं तर ते तपकिरी लाखेत चिकटून बसत होतं. मग दोघं-तिघं मिळून शटर खेचू लागले, झटके देऊ लागले, आणि त्या ओढाताणीत डावीकडची स्प्रिंग तुटली.

ती कधी तुटली हे त्याला सांगता येईना. स्प्रिंग तुटते तेव्हा बंदुकीचा बार उडाल्यासारखा आवाज होतो, सगळी गल्ली दचकते. मी म्हटलं, असा आवाज कुणीच कसा ऐकला नाही. त्याने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. त्याचं म्हणणं, भांड्यांच्या दुकानात असा आवाज दिवसातून दहा वेळा होतो आणि प्रत्येक वेळी ‘पाहा रे, हंडा पडला काय’ एवढंच कुणीतरी ओरडतं.

मी सासऱ्यांना एका बाजूला घेतलं. ते साठीचे, सडपातळ, डोक्यावर काळी टोपी आणि जेठातही अंगात कोट. मी हळूच सांगितलं की डावीकडची स्प्रिंग तुटली आहे, उजवीकडची शाबूत आहे, आणि हे मुसळ एखाद्याचा जीव घेईल. दुकान दोन तास बंद ठेवा, मी उतरवून देतो. त्यांनी आधी इकडेतिकडे कुणी ऐकत नाही ना ते पाहिलं. मग माझा हात दोन्ही हातांत घेतला.

“जवाईबापू, धोंड्याच्या महिन्यात जवायाले शिडीवर चढोलं, तर लोक तोंडात शेण घालतीन माह्या. तुमी आंगाले तेल बी लागू देऊ नका. मी मानूस सांगतला हाय.”

शेण घालण्याचं कारण धोंड्याचा महिना नव्हता, हे त्यांना माहीत होतं आणि मलाही. समोर रस्त्यावर सगळी ओळ उघडी होती. शेजारी कापडवाले गादीवर लोडाला टेकून बसलेले. त्यांच्या समोर, पान्याला हात घालून, शिडीवर, काळ्या हातांचा मी. तीन वर्षांची कमाई एका दुपारी गेली असती. मी म्हटलं, बरं. माझ्या तोंडून ते किती लवकर निघालं याचं मला तेव्हाही नवल वाटलं होतं.

त्यांनी सांगितलेला माणूस गाड्यांच्या चाकांना धावा चढवणारा लोहार होता. मी त्याला कमी लेखत नाही. तापवलेली लोखंडी धाव लाकडी चाकावर बसवून तो पाणी ओतायचा तेव्हा चाक असं आवळून यायचं की वीस वर्षं हलायचं नाही. टांग्याची कमानही तो बनवायचा. त्याने शटरकडे पाहिलं, शिडी लावली, पेटीचं झाकण काढलं, आणि आत तुटलेली स्प्रिंग पाहून निकाल दिला की तुटली हाय तर तिच्यात जोर कायचा राह्यला, पाइपच खाली घेऊ. टांग्याच्या बाबतीत हे अगदी बरोबर आहे. टांग्याची कमान तुटली की ती मेली. पण इथे कमानी दोन होत्या. डावी मेली होती आणि उजवी, सगळे फेरे पोटात घेऊन, टपून बसली होती. आणि पाइप दोघींचा एकच.

लोहार पाइप उतरवायला निघालाय हे मला कळलं तेव्हा मी आत पाटावर बसलो होतो. सोवळ्यातला मुकटा नेसून, कपाळावर गंध, समोर केळीच्या पानावर धोंडे. सासूबाई एक संपायच्या आत दुसरा वाढत होत्या आणि तूप तर असं ओतत होत्या की पुरण पोहत होतं. माझा सहावा धोंडा चालू होता. दुकानातून लोहाराचा आवाज आला की शटर आधी बांबू लावून वर घ्या, मी इकडचा बोल्ट ढिला करतो. माझा घास तोंडातच राहिला. मी मोठ्याने म्हणालो की त्याला थांबवा, पाइप मोकळा करू नका. सासूबाईंना वाटलं मला जास्त झालं, म्हणून त्यांनी ताकाची वाटी पुढे केली. बायकोने मात्र माझ्याकडे पाहिलं आणि उठून माजघरात गेली.

जावयाने धोंड्याच्या पानावरून उठू नये. घरावर काय काय येतं, ते सासूबाईंनी मला नंतर चार दिवस ऐकवलं. पण तेवढ्यात दुकानातून एक आवाज आला. कर्र. बोल्ट सुटतानाचा. मी तो आवाज झोपेतही ओळखतो. मी पानावरून उठलो, पानाभोवतीचं पाणी ओलांडलं, उष्ट्या हाताने, मुकटा सावरत दुकानात धावलो. चूळही भरली नाही.

लोहाराने पाइपाला मोठा पाना लावून ठेवला होता आणि दुसऱ्या हाताने शेवटचा बोल्ट सोडत होता. पाना हळूहळू आपोआप वर उचलला जाऊ लागला होता. तो त्याच्याकडे आश्चर्याने बघत होता, आपण काही केलं नसताना हत्यार कसं हलतं म्हणून. मी शिडीवर चढलो कसा ते आठवत नाही. पाना धरला आणि सगळं अंग त्यावर टाकलं. लोहार शहाणा माणूस, त्याने पाइपाचा जोर हाताला लागताच सगळं ओळखलं, शिडीच्या दुसऱ्या बाजूने खाली उडी मारली आणि रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभा राहिला. मी त्याला दोष देत नाही. मला जाता आलं असतं तर मीही गेलो असतो.

पण मी आता सोडू शकत नव्हतो. सोडला असता तर तो पाना एखाद्या चक्रीसारखा फिरला असता, आणि पहिल्याच फेऱ्यात माझं तोंड होतं. शटर वर गुंडाळलेलं, नुसत्या बांबूवर तोललेलं, आणि खाली रस्त्यावर गर्दी. तुपाने माखलेल्या हातातून लोखंड सटकत होतं. मी ओरडलो की कुणीतरी दुसरा पाना आणा आणि वर या. जुना माणूस शटरला दोर बांधायला धावला, ते बरोबर केलं त्याने. लोहाराकडे दुसरा पाना नव्हता.

तेव्हा माझी बायको बाहेर आली. तिच्या हातात माझा अमरावतीचा पाइप-पाना होता. ट्रंकेत लुगड्यांखाली ठेवून आणला होता. तिच्या आईने तिला शटरबद्दल मला लिहिलं त्याहून जास्त लिहिलं होतं. तिने तो भर दुकानात, सगळ्यांच्या देखत वर धरला आणि म्हणाली की बाबा, तुमी चढा, दुसरं कोनी नाई.

सासऱ्यांनी आयुष्यात तागडीच्या वजनापेक्षा जड काही उचललं नव्हतं. त्यांनी कोट काढला. पंगतीचं एक मोठं पातेलं पालथं घातलं, त्यावर चढले, आणि काळ्या टोपीसकट माझ्या बरगडीशी आले. मी त्यांना सांगितलं की दोन्ही हातांनी हा पाना धरा, जोर येईल, येऊ द्या, पण मी म्हणेपर्यंत सोडू नका. त्यांनी धरला. स्प्रिंगचा जोर त्यांच्या हातात गेला तेव्हा त्यांचं तोंड पांढरं पडलेलं मी पाहिलं. मी दुसरा पाना लावला.

अशी स्प्रिंग उतरवायची रीत म्हणजे उतारावरून भरली बैलगाडी दोरीने खाली सोडण्याची रीत. एकाने धरायचं, दुसऱ्याने पाव फेरा सोडायचा, मग दुसऱ्याने धरायचं आणि पहिल्याने पाना बदलायचा. घाई नाही, झटका नाही. आमचं असं चार-पाच वेळा झालं. त्यांच्या कपाळावरचा घाम टोपीतून नाकावर येत होता आणि तो पुसायला हात नव्हता. मध्येच त्यांनी हळू विचारलं की हे तुमी रोज करता. मी म्हणालो, रोज नाही, पण आठवड्यातून दोनदा तरी. त्यांनी पाना आणखी घट्ट धरला.

आणि तेव्हाच कापडवाले येऊन अगदी आमच्या खाली उभे राहिले. हात मागे बांधून, मान वर करून, सभा ऐकायला आल्यासारखे.

“इंजिनिअर सायेब सोता चढले काय? मंग मिस्त्री कायले बलावला व्हता?”

माझे कान तापले. मी पाइपाकडे बघत राहिलो. मला वाटलं सासरे आता काहीतरी सांगतील, की जवायाले हौस हाय, की इंजिनिअर मानसाले समदं येते. मी खरंच त्याची वाट पाहत होतो. त्यांनी पान्यावरचा हात न हलवता खाली पाहिलं.

“इंजिनिअर नाई ते. मिस्त्री हायेत. शटरचंच काम करतात अमरावतीले. आन तुमी आंदी तिथून बाजूले सरा, हे सुटलं तं तुमच्या टाळक्यात पडंन.”

कापडवाले बाजूला सरले. मग सकाळी समईचा भाव करणाऱ्या बाईंनी विचारलं की मिस्त्री हायेत तर आमच्या घरच्या कपाटाचं कुलूप पाहतीन काय. जुन्या माणसाने त्यांना सांगितलं की जवायाले धोंड्याच्या महिन्यात कुलूप सांगत नाईत. आम्ही पुढचा पाव फेरा सोडला.

शेवटी पाइपातला जोर संपला. पाना हातात लुळा पडला, तेव्हा मी म्हणालो, सोडा आता. सासऱ्यांनी सोडला नाही. मी परत म्हणालो. त्यांची बोटंच उघडत नव्हती. मी एकेक बोट उलगडून काढलं आणि त्यांना पातेल्यावरून उतरवलं. पातेल्याच्या बुडाला त्यांच्या टाचांचे दोन खळगे पडले होते.

तुटलेली स्प्रिंग खाली काढून मी सगळ्यांना दाखवली. जिथे तुटली तिथे निम्मं पोलाद जुन्या गंजाने तपकिरी होतं आणि निम्मं ताजं, चांदीसारखं पांढरं. म्हणजे तडा आधीच गेला होता. रोजच्या ओढाताणीने तो फक्त पुरा केला. मी निकाल सांगितला की नव्या स्प्रिंगा दोन्ही बाजूंना एकदम घालायच्या, कारण जुनी आणि नवी एका पाइपावर जुंपली की जोर सारखा लागत नाही आणि शटर परत वाकडं होतं. त्या मी अमरावतीहून पाठवीन. तोपर्यंत शटर वर, दोराने बांधून, कुणी हात लावायचा नाही, आणि रात्री जुन्या फळ्या. फळ्या सासऱ्यांनी कपाटांचे खण करून टाकल्या होत्या. ते खण त्या संध्याकाळी परत फळ्या झाले, आणि सातच्या जागी नऊ लागला.

जवसाची लाख काढायला घासलेट आणि नारळाची करवंटी घेऊन जुना माणूस खोबणीशी बसला. सासरे आणि मी मागच्या अंगणात गेलो. सावलीला उभे राहिलो. दोघांचेही हात काळे, माझे तर वरून तुपाने चकाकत होते. ते बराच वेळ आपल्या तळव्यांकडे बघत होते. मला वाटलं आता मघाच्या चारचौघांतल्या बोलण्याबद्दल काही म्हणतील. मी आपला शब्द जुळवत होतो, की तुमचं काही चुकलं नाही वगैरे.

“तीन वर्सं मी समद्या गावाले खोटं सांगून राह्यलो,” ते म्हणाले. “तुमाले कदी राग नाई आला?”

हा माणूस आता माझ्यासमोर उघडा उभा होता. त्याला वडीलधाऱ्यांची भाषा ऐकवणं मला जमेना.

“मामाजी, मलेही ते आयकाले बरं वाटे,” मी म्हणालो. माझ्या तोंडून वऱ्हाडी कधी निघाली ते मलाच कळलं नाही.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. आधी ओठ हलले, मग खांदे, आणि मग ते असे हसले की त्यांना भिंतीचा आधार घ्यावा लागला. चुन्याच्या भिंतीवर त्यांचा काळा पंजा उमटला. मीही हसलो. हसताना मला थोडं रडूही आलं, आणि ते मी घामावर ढकललं.

सासूबाई घासलेटची बाटली, एक फडका आणि राख घेऊन बाहेर आल्या. त्यांनी भिंतीकडे पाहिलं, आमच्या हातांकडे पाहिलं, आणि म्हणाल्या की दोघंबी हात धुवा आता, धोंडे थंडे होऊन राह्यले.